लॉजवरचा छोटा ईपीएबीएक्स, फायबर लाईन आणि आउटगोइंग लॉक: वापरानंतरचा अनुभव

मालवणात आमचं दहा खोल्यांचं लॉज आहे. जुना इंटरकॉम दुरुस्तीच्या पलीकडे गेला, म्हणून तीन लाईन, सोळा एक्स्टेंशनचा (म्हणजे आतल्या फोनांचा) ॲनालॉग ईपीएबीएक्स घेतला. बाहेरची लाईन आतल्या सगळ्या फोनांना वाटून देणारं हे छोटं एक्स्चेंजच. पावसाळा, दिवाळी आणि मे महिन्याची गर्दी, सगळं त्याच्यावर काढून झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतली यंत्रं आतून बरीचशी सारखीच, त्यामुळे खालच्या कटकटी कुठल्याही यंत्रावर येऊ शकतात.

घेतला तो मुख्यतः आउटगोइंग लॉकसाठी, म्हणजे कुठल्या फोनवरून बाहेर कुठे फोन लागेल यावर बंधन घालायला. प्लॅन अनलिमिटेड असताना लॉक कशाला, असं सगळेच विचारतात. एक तर आयएसडीला अजून मिनिटाचे पैसे पडतात. दुसरं म्हणजे यंत्रात तीन लाईनची सोय असली तरी आमची लाईन एकच. किचनमधून कोणी गप्पा मारत बसलं, की बुकिंगवाल्याला एंगेज लागतो आणि तो शेजारच्या लॉजला फोन लावतो.

यंत्रात प्रत्येक एक्स्टेंशनला दर्जा देता येतो: फक्त इंटरकॉम, लोकल, एसटीडी, आयएसडी. बसवायला आलेल्या मुलाने खोल्यांना इंटरकॉम दिला, किचनला लोकल. कागदावर ठीक. दुसऱ्या दिवशी आचारी दारात उभा: ‘वयनी, फोन लागणा नाय.’ कुठलाच नाही! कारण मासळीवाली, गॅसवाला, भाजीवाला, सगळे मोबाईलवर. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावा लागतो, आणि यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये मात्र ‘शून्य म्हणजे एसटीडी’ हे जुनंच गणित. लोकल दर्जा म्हणजे शून्य बंद, म्हणजे अख्खा मोबाईल बंद.

उपाय आहे. दर्जाची तयार पातळी सोडून स्वतःचा तक्ता भरायचा: 00 बंद, 06 ते 09 चालू. यात 0712 नागपूर किंवा 080 बंगळुरूही सुटतं, कारण काही एसटीडी कोड आणि मोबाईल नंबर एकाच आकड्याने सुरू होतात. सुटू दे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र तक्त्यातले आकडे बाहेरची लाईन घेण्याचा शून्य सोडून मोजायचे. आचारी मोबाईल लावताना दोनदा शून्य दाबतो, ते आयएसडी नव्हे. आयएसडीला तीन शून्य लागतात. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलंय, तेही इंग्रजीत.

वेळेची मर्यादाही लावता येते. आधी तीन मिनिटं ठेवली होती, पण सुरमईचा भाव ठरायच्या आत फोन तुटायला लागला. आता पाच.

खोल्यांचे नंबर 101 पासून दिलेले होते, म्हणजे आठव्या खोलीचा 108. पाहुण्याने घाबरून रुग्णवाहिकेसाठी 108 लावला तर आठव्या खोलीत घंटी वाजणार! सगळे नंबर 201 पासून करून घेतले, आणि 108 व 112 हे बाकी सगळं बंद असलेल्या खोलीतूनही थेट बाहेर जातील असं ठेवलं. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी हे आजच तपासा.

आता जोडणीबद्दल. आमची लाईन फायबरची, म्हणजे ओएनटीच्या (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याच्या) फोन पोर्टमधून एक वायर यंत्राच्या ट्रंकला, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या जागेला. सुरुवातीला मोबाईलचे फोन मधूनच लागेनात. कानावर ‘आधी शून्य लावा’ची टेप, आणि शून्य तर लावलेला. रिसीव्हर कानाला धरून ऐकलं तर कळलं, की ओएनटीची डायल टोन किंचित उशिरा येते आणि यंत्र त्याआधीच आकडे सोडायला लागतं, त्यात पहिलाच शून्य गिळला जातो. ट्रंकच्या सेटिंगमध्ये दोन सेकंदांचा पॉज टाकला, टेप बंद. कॉलर आयडीही दिसत नव्हता. नंबर पाठवायच्या दोन पद्धती असतात: यंत्र डीटीएमएफची वाट बघत होतं आणि ओएनटी एफएसके पाठवत होता. ते बदलल्यावर नंबर उमटू लागले.

तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, त्यामुळे गावात वीज नसली तरी फोन चालायचा. फायबरला ते सुख नाही, म्हणून ओएनटी आम्ही इन्व्हर्टरवर घेतला. यंत्र तसंच साध्या प्लगवर राहिलं, आणि त्यातून एक गंमत निघाली. वीज गेली की यंत्रातली रिले (आपोआप पलटणारा स्विच) एक ठरावीक एक्स्टेंशन सरळ बाहेरच्या लाईनला जोडते, सगळे लॉक बाजूला ठेवून. आमच्याकडे ते एक्स्टेंशन निघालं किचनचं. पावसाळ्यात मालवणात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको, आणि किचनमधल्या पोरांना ही सोय आमच्या आधी कळली होती. आता यंत्रही इन्व्हर्टरवर आहे आणि त्या जागी रिसेप्शनचा फोन.

ओएनटी ते यंत्र ही वायर पॅसेजमधून उघडी नेलेली होती, मध्ये जुना सॉकेटही. तिथे कोणीही हँडसेट लावला की लॉक गेला उडत, कारण लॉक फक्त यंत्रातून पुढे गेलेल्या फोनांवर चालतो. सॉकेट काढून वायर केसिंगमधून घेतली.

विजांचं म्हणाल तर फायबर काचेचं, त्यातून लाट येत नाही. पण मागच्या आउटहाऊसकडे उघड्यावरून गेलेल्या एक्स्टेंशनच्या वायरीने जूनमध्ये यंत्रातलं एक कार्ड जाळलं. तिथे आता विजेची लाट जमिनीत सोडणारा अरेस्टर बसवलाय, अर्थिंगही नव्याने केलं.

माझ्याकडून पाचात साडेतीन. घेणार असाल तर टीईसीचं, म्हणजे सरकारच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं, प्रमाणपत्र मागून घ्या. ऑक्टोबर 2019 पासून अशा यंत्रांना ते सक्तीचं आहे. प्रोग्रॅमिंगचा फॅक्टरी पासवर्ड बसवणाऱ्या मुलासमोरच बदला. कोणी कुठे फोन केला याची यादी यंत्र देतं, पण जुन्या सिरियल पोर्टमधून, आणि तो असलेला कॉम्प्युटर आमच्याकडे उरलेला नाही.