कॅमेलियासाठी कुंडी: मातीची की प्लास्टिकची?

मैत्रिणीने कॅमेलिया या फुलझाडाचं रोप आणलंय, पण गाडी कुंडीपाशी अडलीये. माझ्या मते खरा प्रश्न पाण्याचा आहे. या झाडाची मुळं बारीक आणि उथळ. पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, आणि त्यानंतर माती खडखडीत वाळली की त्या उमलण्याआधीच गळतात. मातीची कुंडी पाझरते, म्हणून लवकर सुकते. उन्हाळ्यात रोज बोट खुपसून ओल बघावी लागते. प्लास्टिक ओल धरून ठेवतं, पण भोकं अपुरी असली तर मुळं कुजतात. काळी कुंडी उन्हात तापते, ते वेगळंच.

किमतीत प्लास्टिक स्वस्त. टिकण्याचं म्हणाल, तर गोठवणाऱ्या थंडीत मातीची तडकते आणि सततच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. मातीची हलवताना कंबर धरते, मात्र वाऱ्यात तीच पक्की उभी राहते.

कुंडी कुठलीही घ्या, माती आम्लधर्मीच हवी, सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) साधारण ५.५ ते ६.५.

ऊठसूट पाणी ओतणाऱ्यांनी किंवा वाऱ्याच्या जागी झाड ठेवणाऱ्यांनी मातीची घ्यावी. विसरभोळ्यांना फिकट रंगाची प्लास्टिकची बरी. मैत्रिणीला मी प्लास्टिकचीच सुचवली. का, ते तिला ठाऊक आहे!