वावरातून येणारी भीती: 'व्हेन एव्हिल लर्क्स'

कमी पैशांत काढलेले, रक्तामांसाचे सिनेमे मी आवडीने पाहतो. पण अर्जेंटिनाच्या डेमियन रुग्नाचा 'व्हेन एव्हिल लर्क्स' (2023) पाहिल्यावर बाकीचे फिके पडले. यातलं भूत जुन्या वाड्यातलं नाही, वावरातलं आहे.

पेद्रो आणि जिमी हे दोघे भाऊ. रात्री रानातून गोळ्यांचे आवाज येतात, सकाळी अर्धं कापलेलं प्रेत सापडतं. माग काढत ते एका गरीब बाईच्या झोपडीत पोचतात. तिचा पोरगा खाटेवर पडलेला, अंग फुगलेलं, पू वाहतोय. त्याच्या आत सैतान मुरतोय. घरच्यांनी केव्हाच वर कळवलंय, पण नीट बंदोबस्त कोणी केलेला नाही. पोलीस हात झटकतात. जमिनीच्या मालकाला एवढंच हवंय की ही बला आपल्या धुऱ्याबाहेर जावी. मग तिघं त्याला गाडीत घालून लांब टाकायला निघतात, आणि सगळा नाश तिथून सुरू होतो.

अर्जेंटिनाच्या शेतांवर फवारल्या जाणाऱ्या विषाने मजूर आजारी पडतात, त्यावरून ही गोष्ट सुचली असं रुग्नाने मुलाखतींत सांगितलंय. यवतमाळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2017 च्या पावसाळ्याअखेर आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा सरळ तोंडावर यायचा. आमच्या शेजारचा सालदार डोळे सुजवून दवाखान्यात गेला, तर घरी जाऊन आंघोळ कर म्हणून त्याला परत लावला. तो वाचला. पण सिनेमातली ती माय 'आम्ही सांगितलं होतं' या भावाने बघते, तेव्हा मला त्याची बायकोच दिसली.

हिंसेबद्दल सांगतो. अमेरिकेचा डेमियन लिओन या धंद्यातला मोठा कारागीर. मेकअप-इफेक्टमधून आलेला. 'टेरिफायर 2' (2022) त्याने सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये काढला आणि त्याने दीड कोटीच्या आसपास कमावले. हाताने बनवलेल्या जखमा बघाव्या तर त्याच्याच. पण त्याचा जोकर एकेकाला इतका वेळ कापत बसतो की पुढे पुढे मी मेलेल्या माणसाचा विचार सोडून रबर कसं कापलं असेल तेच पाहायला लागतो. रुग्ना तसा रेंगाळत नाही. शेळी, बंदूक, कुऱ्हाड: काही सेकंदांत घर उजाड. आपण ओरडायच्या आत तो पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. लहान पोरीचा आणि कुत्र्याचा प्रसंग तर मी पुन्हा बघणार नाही.

नियमही अस्सल आहेत. बंदूक चालवायची नाही, ढोरांजवळ थांबायचं नाही, विजेचा दिवा लावायचा नाही. ज्यांच्याकडे लाईन रात्रीच येते आणि हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन एकट्याने वावरात जावं लागतं, त्यांना हा शेवटचा नियम फार झोंबेल.

उत्तरार्धात मात्र एक जाणकार बाई येऊन बरंच समजावत बसते, तिथे वेग पडतो. पेद्रोच्या ऑटिस्टिक मुलाला सैतानाचं भांडं करणं मला मुळीच पटलं नाही. असं पोरगं ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी ते क्रूर आहे.

तरी साडेचार तारे. स्पेनच्या सित्गेस महोत्सवात 2023 चा सर्वोत्तम चित्रपट हाच ठरला होता, आणि तो मान योग्य हाती गेला. भाषा स्पॅनिश आहे, खाली इंग्रजी ओळी येतात. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर त्या वाचताना चेहरे निसटतात, म्हणून टीव्हीला जोडून पाहा. घरात लेकरं असतील तर ती झोपल्यावर. आणि जमलं तर रुग्नाचाच 'अतेरादोस' (2017) आधी पाहून घ्या, त्यातलं मेलेलं पोरगं टेबलाशी येऊन बसतं तो प्रसंग एक थेंब रक्त न दाखवता घाम फोडतो.