राणी की कामकरी? फरक ताटातला

युरोपीय मधमाशीच्या राणीचं आणि कामकरीचं अंडं सारखंच. अळी असताना पहिले तीनेक दिवस रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून स्रवणारा दुधाळ खुराक, तीही दोघींना. पुढे कामकरीच्या वाट्याला मध-परागाची भेसळ, राणीला मात्र जेलीच, तीही भरपूर. या खुराकाने चयापचय वाढतो, ज्युव्हेनाइल हॉर्मोन (कीटकांच्या वाढीवर ताबा ठेवणारं संप्रेरक) चढतं. म्हणून आकाराने मोठी असूनही राणी १६ दिवसांत तयार, कामकरीला २१ लागतात!

राणी वर्षानुवर्षं जगते, हंगामात दिवसाला हजारावर अंडी घालते. उन्हाळ्यातली कामकरी जेमतेम सहा आठवडे. थाट राणीचा खरा, पण परागाची टोपली कामकरीच्याच पायावर.

हा खुराकाचा फरक डीएनएपर्यंत कसा पोचतो? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अळ्यांमधलं डीएनएवर मिथाइल खुणा (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) लावणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दाबलं. बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या.