सुट्टीचं कॅलेंडर : नऊ महिने वापरल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीत आमच्या किराणावाल्या काकांनी नव्या वर्षाचं, २०२५ चं, कॅलेंडर दिलं. वर देवाचं चित्र, खाली मोठे मोठे रिकामे चौकोन. घरात कालनिर्णय होतंच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यावर दुधाचा हिशोब आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात. मग हे दुसरं कशाला, म्हणून ते रद्दीत जायच्या बेतात होतं. आज ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावलेलं आहे, आणि त्याच्या आधाराने पाच वर्षांनी आम्ही पाचही जण एकत्र सहलीला जाऊन आलो. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आधीची परिस्थिती सांगते. आम्ही ठाण्यात राहतो. मी बँकेत आहे, नवरा कारखान्यात तीन शिफ्टमध्ये. मुलगी सातवीत होती, मुलगा पहिलीत. २०२० नंतर दर मे महिन्यात एकच गोष्ट घडायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारायचं, "यंदा कुठे?" मी तिकिटं बघायला बसायचे, तोवर वेटिंग लिस्ट शंभराच्या पुढे गेलेली असायची. मग चिडचिड, आणि शेवटी चार दिवस माहेरी. गेल्या वर्षी मुलीला भावाला सांगताना ऐकलं, "आईला सुट्टीचं विचारू नकोस, ती चिडते." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोबाइलवरचं एक नियोजनाचं ॲप तीन महिने वापरून पाहिलं होतं. दिसायला सुंदर. पण नवऱ्याला फोन लॉकरमध्ये ठेवून कामावर जावं लागतं, आईंना ते उघडता येत नव्हतं, आणि मुलांकडे फोन नाही. म्हणजे सहल कागदावरून निघाली आणि माझ्या फोनमध्ये अडकली. एवढंच झालं. आठवण करून देणारे संदेश मलाच यायचे आणि मीच ते बाजूला सारायचे.

कॅलेंडरवर आम्ही तीन रंगांची पेनं ठरवली. लाल नवऱ्याच्या शिफ्टचं, निळं माझ्या बँकेचं, हिरवं शाळेचं. पेनं सुतळीने खिळ्याला बांधली, कारण सुटं पेन या घरात टिकत नाही. पहिल्या रविवारी सगळे बसलो आणि हिरव्याने परीक्षा, स्नेहसंमेलन, पालकसभा भरल्या. निळ्याने दुसरा आणि चौथा शनिवार गोल केला, मार्चअखेरीचे आठवडे आडवी रेघ मारून बंद केले. नवऱ्याने महिन्याचा शिफ्टचा तक्ता उतरवला. काम संपल्यावर दिसलं की आम्हा दोघांची सुट्टी आणि शाळेची सुट्टी एकत्र येते असे दिवस फार थोडे आहेत. पाच वर्षं आपण आळशी आहोत असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मोकळे दिवस कुठे आहेत तेच कुणाला दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट केली ती रेल्वेची उलटी मोजणी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. मला हा बदल सोयीचा वाटतो. चार महिने आधी शिफ्टही ठाऊक नसते आणि परीक्षेच्या तारखाही. दोन महिने आधी बऱ्यापैकी कळलेलं असतं. मात्र ती तारीख चुकली की उन्हाळ्यात कोकणात जायचं विसरायचं. म्हणून प्रवासाच्या तारखेपासून बोटाने साठ घरं मागे जायचं आणि त्या चौकोनात "सकाळी ८" लिहायचं. हे काम आता मुलगी करते.

पहिला प्रयोग मुद्दाम छोटा केला. जानेवारीतला दुसरा शनिवार आणि रविवार, माथेरान, एक मुक्काम. नेरळपर्यंत लोकल, वर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे लाल मातीतून चालत. आई चढ-उतार नको म्हणून घरी थांबल्या. खर्च कमी, आरक्षणाची भानगड नाही. पुन्हा सुरुवात करणाऱ्यांनी असंच काहीतरी आधी करावं असं मी आग्रहाने सांगेन. घरातल्यांचा विश्वास बसायला एक तरी ठरलेली गोष्ट घडावी लागते.

दुसरा बेत फसला. धुळवड १४ मार्चला शुक्रवारी होती, जोडून शनिवार-रविवार. नवऱ्याने उत्साहाने लाल पेनाने गोल केला. मी मार्चअखेरीची निळी रेघ दाखवली, तरी "तीन दिवसांनी काय होतंय" म्हणून खोलीचे आगाऊ पैसे भरले. त्या शनिवारी मला शाखेत जावंच लागलं. पैसे बुडाले, आणि घरात दोन दिवस अबोला होता. तेव्हापासून नियम केला : ज्या चौकोनावर कुणाचीही आडवी रेघ आहे, तिथे गोल काढायचा नाही.

मेची सहल आईंनी ठरवली म्हटलं तरी चालेल. त्यांना मालवण बघायचं होतं आणि मासे पोटभर खायचे होते. त्यांनी कालनिर्णय काढून सांगितलं, "आठ तारखेला एकादशी आहे. त्याच्या आत परत या." १ मेला झेंडावंदन आणि निकाल. निकालाआधी निघायचं नाही असं ठरलेलंच होतं, आणि ते बरं झालं, कारण २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. ३ मे शनिवार, जायचं. ७ मे बुधवार, यायचं. मुलीने घरं मोजली. जायच्या तिकिटाचा दिवस ४ मार्च. यायचं तिकीट त्याच दिवशी काढता येत नाही, ते चार दिवसांनी, ८ मार्चला उघडतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही आणि मग परतीचं वेटिंग नशिबी येतं.

४ मार्चला मंगळवार होता. आयआरसीटीसीवर सगळ्यांची नावं, वयं आदल्या रात्रीच साठवून ठेवली होती. गॅसवर दूध, मुलगी गणवेशात, एक वेणी घातलेली आणि एक मोकळी, माझ्या खांद्यावरून बघत घड्याळ वाचतेय : "एकोणसाठ... आठ!" आईंच्या गुडघ्यांसाठी "किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा" हा पर्याय निवडला. मुलाचंही पूर्ण तिकीट घेतलं. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, आणि दिवसभराच्या प्रवासात त्याला मांडीवर घेऊन बसणं जमलं नसतं. तीन मिनिटांत मांडवी एक्सप्रेसची पाच तिकिटं कन्फर्म. मुलीने स्वतः जाऊन त्या चौकोनावर टिक केली, मग दुसरी वेणी घालायला बसली. दूध ऊतू गेलं होतं.

पैशांचं : नोव्हेंबरपासून दरमहा चार हजारांचं सहा महिन्यांचं रिकरिंग काढलं होतं. एप्रिलअखेर चोवीस हजार आणि वर थोडं व्याज. एकूण खर्च सत्तावीस हजार सहाशे झाला. वरचे पैसे पगारातून गेले, पण टोचले नाहीत. हप्ता भरल्याची खूणही त्याच कॅलेंडरवर असते.

मालवणबद्दल थोडंच लिहिते. कुडाळला उतरून रिक्षाने गेलो. होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो तेव्हा आई बोलायच्या थांबल्या. चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आई साखरबावीच्या कठड्याला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "शाळेत वाचलं होतं. साठ वर्षं झाली." आम्ही आधी बावीस मेनंतर जायचा विचार करत होतो, कारण नवऱ्याची तेव्हा सलग रजा बसत होती. २०२५ मध्ये त्याच सुमारास कोकणात धो धो पाऊस लागला आणि २६ मेला मुंबईत मान्सून पोचला. होड्या तर दरवर्षीच मेअखेरीस बंद होतात. आईंना किल्ला दिसला नसता.

आता उणिवा. घराबाहेर असताना हे कॅलेंडर दिसत नाही. त्यासाठी दर रविवारी मुलगी फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, पण अधल्यामधल्या दिवशी झालेला बदल राहून जातो. शिफ्ट बदलली आणि लाल पेनाने खाडाखोड झाली की चौकोन वाचता येत नाही. आम्ही आता शिफ्ट पेन्सिलीने लिहितो. आजारपण, अचानक आलेली ड्यूटी याला उपाय नाही. आणि पहिले दोन महिने रविवारी सगळ्यांना बसवायचं काम मलाच करावं लागलं, तेव्हा कंटाळा आला होता. मार्चनंतर तो भार खरंच उतरला. मला या नऊ महिन्यांत सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

ज्यांच्या घरी दोघंही नऊ ते सहा नोकरीत आहेत आणि फोन हाताशी आहे, त्यांना फोनमधलं सामाईक कॅलेंडर पुरेल. पाळीची नोकरी, घरात वडीलधारं माणूस आणि फोन नसलेली मुलं असतील, तर भिंतीवरचंच घ्या.

दिवाळीनंतर ताडोबाचं ठरतंय. २५ ऑक्टोबरला रात्री नागपूरची गाडी, सोमवारी सफारी, कारण मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं. मुलीने काल घरं मोजली. २६ ऑगस्ट येतो, त्या दिवशी हरतालिका. परतीचं ३० ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी गौरी येणार. आईंनी हरतालिकेच्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहिलंय : "पूजा आठनंतर."