धुक्यातलं ऑटोलँड: विमान कॅप्टनकडे की को-पायलटकडे?

जानेवारीच्या पहाटे दिल्लीत आरव्हीआर (धावपट्टीवर किती लांबचं दिसतं ते अंतर) १०० मीटरच्या खाली गेला की विमान उतरवतो ऑटोपायलटच. मग कोणी कुठे बघायचं आणि मिनिममला, म्हणजे उतरायचं की नाही हे ठरवायच्या उंचीला, कोणी बोलायचं, एवढंच माणसांच्या हाती उरतं.

एअरबसवाल्यांच्या सवयीची पद्धत अशी: कॅप्टन पहिल्यापासून पीएफ (विमान चालवणारा), हात थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाचा जोर ठरवणारे दांडे). को-पायलटची मान खाली. ऑटोपायलटचे टप्पे, म्हणजे ३५० फुटांना 'लँड', ४० च्या सुमारास 'फ्लेअर' (टेकण्याआधी नाक किंचित वर घेणं), टेकल्यावर 'रोल आउट', पडद्यावर आले की नाही, हे तो पाहतो. ताबा बदलत नाही, त्यामुळे गोंधळही नाही. दुसरी मॉनिटर्ड अप्रोच, ब्रिटिश वळणाची. यात मिनिममपर्यंत विमान को-पायलटकडे आणि कॅप्टन बाहेर दिवे शोधतो. दिसले तर 'लँडिंग' म्हणून ताबा घेतो. ऐन मोक्याला लिव्हरवरचे हात बदलतात, ही तिची उणी बाजू, आणि ती लहान नाही.

तरी मला खटकतं ते पहिल्या पद्धतीतलं मौन. 'मिनिमम' ऐकून कॅप्टन गप्प राहिला तरी ऑटोपायलट उतरतच राहतो. मिनिटाला ७०० फूट म्हणजे सेकंदाला जवळपास १२. डिसिजन हाइट (म्हणजेच मिनिमम) ५० फूट असेल तर हाताशी चार-पाच सेकंद. तेवढ्यात को-पायलटने ते मौन ओळखायचं आणि सीनियरच्या हातून विमान काढून घ्यायचं! पुस्तकात हे सोपं असतं, कॉकपिटमध्ये जीभ रेटत नाही. मॉनिटर्डमध्ये गप्प बसणं म्हणजेच गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं), आणि तो करणाऱ्याकडे ताबा आधीपासूनच असतो.

कॅट म्हणजे किती कमी दिसत असताना उतरायचं याची श्रेणी: टू, थ्री-ए, थ्री-बी अशी कडक होत जाणारी. डिसिजन हाइट नसलेल्या कॅट थ्री-बीमध्ये मात्र हा फायदा बराचसा उरत नाही. तिथे अलर्ट हाइट असते (तिच्या वर यंत्रणेत बिघाड झाला तर उतरणं सोडायचं), दिवे दिसलेच पाहिजेत अशी अट नसते. तिथे कॅप्टन पीएफ असणंच सुटसुटीत वाटतं.

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच पाळायचं, हे सांगायला नको. पण एसओपी (ठरलेली कार्यपद्धती) तुम्हीच लिहीत असाल तर कॅट टू आणि थ्री-एसाठी माझा कल मॉनिटर्डकडे. दोन गोष्टी त्यात स्पष्ट घाला. उथळ धुक्यात वरून लख्ख दिसणारे दिवे खाली आल्यावर गायब होतात. म्हणून २०० फुटांना दिवे दिसले तरी ऑटोपायलट काढायचा नाही. आणि कॅप्टनने ताबा घेतल्यावरही को-पायलटने मान वर करायची नाही, विमान टॅक्सीच्या वेगाला येईपर्यंत. सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: दोघंही बाहेर बघतात आणि 'फ्लेअर' आलंच नाही हे कोणालाच कळत नाही.