घरी बांधलेली पट्ट्यांची कनू आणि वेस्ट सिस्टीमची १०५/२०७ जोडी

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आमच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे खर्चून मी सिडरच्या लाकडी पट्ट्यांची सोळा फुटी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, बांधली. हे परीक्षण मात्र लाकडाचे नसून, त्या सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडाला नावेचे बळ देणाऱ्या इपॉक्सीचे, म्हणजे दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या मिश्रणाचे आहे: वेस्ट सिस्टीम या ब्रँडचे १०५ रेझिन (मूळ द्रव) आणि त्याला घट्ट करणारा २०७ हार्डनर ही ती जोडी.

ओंटारिओतल्याच पीटरबरो परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिडरच्या ज्या कनू बांधल्या जात, त्यांना आतून वाकवलेल्या फासळ्यांचा आधार असे. आजच्या पद्धतीत फासळ्या नसतात. पट्ट्या एकमेकींना साध्या लाकडाच्या गोंदाने चिकटवलेल्या असतात आणि साच्यावरून उतरवलेले नुसते कवच गुडघ्याच्या दाबानेही चिरू शकते. त्यावर आतून आणि बाहेरून फायबरग्लासचे कापड इपॉक्सीने बसवले, की सगळा ताण ते दोन थर पेलतात आणि लाकूड त्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा गाभा होते. म्हणूनच इपॉक्सीत काटकसर करणे म्हणजे फासळ्याच गाळण्यासारखे आहे. ती काटकसर मी आधी केली होती: एक स्वस्त इपॉक्सी वल्ह्यावर लावून पाहिले, तेव्हा दमट रात्रीत त्यावर तेलकट साय धरली आणि खालचे लाकूड दुधाळ दिसू लागले. २०७ हार्डनर पारदर्शक कामासाठीच बनवलेला असल्याने मला ही साय जवळजवळ दिसली नाही, तरी पुढच्या घासकामाआधी पृष्ठभाग पाण्याने पुसून घेण्याची सवय मी सोडली नाही.

पांढरे, चौरस मीटरला सुमारे दोनशे ग्रॅम वजनाचे कापड कोरड्या कवचावर पसरलेले असताना आता सिडरचे रंग कायमचे झाकले जाणार असे वाटते. पण मिश्रण ओतून रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे सारत नेले, की कापड जणू विरघळून जाते आणि खालचा तांबूस, मधाळ रंग ओल्या मातीसारखा गडद होऊन वर येतो. या कामाला घाई चालत नाही आणि फार उसंतही मिळत नाही, कारण बावीस अंश तापमानाला भांड्यातले मिश्रण वीस-पंचवीस मिनिटांत तापून घट्ट होऊ लागते; त्यामुळे एका वेळी थोडेच कालवावे.

सर्वांत मोठी फजिती डब्यांवर बसवून द्रव मोजून काढायच्या पंपांनी केली, किंवा खरे तर माझ्या हुशारीने. या जोडीचे प्रमाण तीनास एक आहे, परंतु २०७ साठी मिळणारे पंप ते प्रमाण स्वतःच साधतात, म्हणजे रेझिनचा एक पूर्ण दाब आणि हार्डनरचा एक पूर्ण दाब एवढेच करायचे असते. मी डब्यावरचे 'तीनास एक' वाचून रेझिनचे तीन दाब दिले आणि नवास एक असे मिश्रण टोकावर लावून मोकळा झालो. तीन दिवसांनीही ते बोटाला चिकटत होते. शेवटी सगळे खरवडून काढावे लागले. माहितीपत्रकात हे स्पष्ट छापलेले आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

तापमानाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. सकाळी गॅरेज तापत असताना पहिला थर दिला तर लाकडातली हवा प्रसरण पावून ओल्या इपॉक्सीत बुडबुडे सोडते. संध्याकाळी तापमान उतरत असताना दिला तर लाकूड उलट तो थर आत ओढून घेते. या हार्डनरला किमान सोळा अंशांची ऊब लागत असल्याने इथल्या एप्रिलमध्ये हीटरवाचून काम होत नाही.

मजबुतीसाठी माझा आग्रह आतल्या कापडाचा आहे. खडक बाहेरून आदळतो तेव्हा तळ आत दबतो आणि ताण आतल्या थरावर येतो, त्यामुळे दिसत नाही म्हणून आत हलके कापड वापरणे मला पटत नाही. बाहेरून तळाला आणखी एक थर आणि दोन्ही टोकांना तिरक्या कापलेल्या पट्ट्या दिल्यावर, अ‍ॅशच्या लाकडाच्या काठपट्ट्यांसह, माझ्या कनूचे वजन सत्तावीस किलो भरले; ती मी एकटा खांद्यावर नेऊ शकतो. तीन हात धरून एकूण सुमारे सात लीटर मिश्रण लागले, आणि खर्चाच्या यादीत लाकडाखालोखाल हीच रक्कम होती. ती मी पुन्हाही देईन.

या हार्डनरमध्ये ऊन रोखणारे द्रव्य असले, तरी इपॉक्सी उघडी ठेवून चालत नाही. वरून अतिनील किरणे अडवणारे नावांचे व्हार्निश हवेच. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात, तसे व्हार्निशचे हे काम दरवर्षीच्या हिशेबात धरावे.

गेल्या उन्हाळ्यात एका खडकाने तळावर वीतभर ओरखडा काढला आणि कापडाचे धागे दिसू लागले. दुरुस्तीसाठी उरलेला डबा उघडला, तर थंडीत राहून रेझिन साजूक तुपासारखे रवाळ झालेले होते. टाकून देणार होतो. पण डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून ढवळल्यावर ते पुन्हा नितळ झाले आणि त्याच संध्याकाळी, या खेपेस एकास एक दाब मोजून, ओरखडा बुजवला.