आर्केड बोर्डाचा आवाज गेलाय: ऑसिलोस्कोप घ्यावा की ऑडिओ प्रोब?

चित्र व्यवस्थित येतंय, गेम खेळता येतोय आणि आवाज मात्र ठार बंद, असा जुना आर्केड बोर्ड समोर आला की बऱ्याच जणांच्या मनात पहिला विचार येतो तो ऑसिलोस्कोप (सिग्नलची वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) घ्यायचा. माझ्याकडे स्कोप पण आहे आणि घरी बनवलेला ऑडिओ प्रोब पण, दोन्ही भरपूर वापरून झालेत, म्हणून लिहितोय. डिप स्विचमधला (बोर्डवरच्या सेटिंगच्या छोट्या स्विचांमधला) डेमो साऊंड, व्हॉल्यूमचा पॉट म्हणजे नॉब, जॅमा हार्नेसवर (बोर्ड कॅबिनेटला जोडणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर) १० आणि एल या पिनांवरच्या स्पीकरच्या वायरी, हे सगळं तुम्ही आधीच बघितलंय असं धरून चालतो. १२ व्होल्ट मात्र परत एकदा मीटरने बघाच, कारण चित्र ५ व्होल्टवर चालतं आणि पॉवर ॲम्प बहुतेक बोर्डांवर १२ वर, त्यामुळे १२ गेले तरी गेम आपला मजेत चालू राहतो.

ऑडिओ प्रोब म्हणजे बॅटरीवरचा कुठलाही छोटा ॲम्प-स्पीकर, इनपुटला सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पुढे टोकदार सुई आणि ग्राउंडला क्रोकोडाइल क्लिप, बस. कॅपॅसिटर डीसी अडवतो म्हणून कुठल्याही पिनला टोक लावलं तरी फक्त सिग्नल ऐकू येतो.

आता स्कोपच्या बाजूने बोलायचं तर आधी साऊंडचा रस्ता डोळ्यासमोर ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांवर साऊंडसाठी वेगळा झेड ८० प्रोसेसर असतो, मेन सीपीयू लॅचमध्ये (कमांड तात्पुरती धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये) कमांड टाकतो, झेड ८० ती उचलून वायएम २१५१ या साऊंड चिपला सांगतो, तो डिजिटल सिरीयल डेटा काढतो, वायएम ३०१२ त्याचा ॲनालॉग करतो, मग ऑप-ॲम्प (सिग्नल थोडा वाढवणारी छोटी चिप), पॉट, पॉवर ॲम्प आणि स्पीकर. या रस्त्याच्या पहिल्या अर्ध्यात कानाला फारसं काम नाही. वायएम २१५१ चा क्लॉक साधारण ३.५८ मेगाहर्ट्झ, तो ऐकू येणार कसा? झेड ८० च्या ६ नंबर पिनवर क्लॉक नाहीये किंवा २६ नंबरचा रिसेट लो अडकून बसलाय, तर ऑडिओ प्रोब नुसता गप्प बसतो आणि का गप्प बसलाय ते सांगत नाही. तिथे स्कोप एका झटक्यात दाखवतो. अर्थात हे काम साधा लॉजिक प्रोब (पिन हाय आहे, लो आहे की पल्स आहे ते दिव्यांनी दाखवणारं पेनासारखं साधन) पण करतो, पल्सचा दिवा लागला की क्लॉक आहे. पण एखाद्या टीटीएल आयसीचं (साध्या लॉजिक चिपचं) आउटपुट अर्धवट मेलेलं असतं, धड हाय नाही धड लो नाही, मधेच कुठेतरी लटकलेलं, ते लॉजिक प्रोबवर नीट कळत नाही आणि स्कोपवर स्पष्ट दिसतं. एवढ्यासाठी स्कोपला मान द्यायलाच हवा.

पण मला स्कोपचा जो त्रास होतो तो स्पेसिफिकेशनमध्ये कुठे लिहिलेला नसतो. पिनवर टोक धरायचं आणि स्क्रीनकडे बघायचं, या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. नजर बोर्डवरून उचलली की हात एवढासा हलतो, टोक सरकतं आणि शेजारच्या पिनला टेकतं. रॅमच्या डेटा पिनवर असं झालं तर फार तर गेम हँग होईल, पण पॉवर ॲम्पच्या आसपास एका पिनवर १२ व्होल्ट आणि बाजूला इनपुट, असल्या ठिकाणी टोक घसरणं परवडत नाही, जुने आयसी आता सहज मिळत पण नाहीत. क्लिप लावून बघा म्हणाल तर प्रत्येक पिनला क्लिप लावायची, बघायचं, काढायची, पुढच्या पिनला लावायची, आणि आवाजाच्या कामात तर पंधरा-वीस ठिकाणी टोक टेकवून बघायचं असतं. त्यात परत ट्रिगर, म्हणजे वेव्ह स्क्रीनवर एका जागी थांबवायची सेटिंग. संगीताची वेव्ह एका जागी थांबत नाही, स्क्रीनवर नुसती जाड केसाळ रेघ वळवळत राहते आणि ते म्युझिक आहे की सप्लायचा हम आहे की क्लॉकचा कचरा मिसळलाय हे डोळ्याला ठरवता येत नाही. कानाला ते लगेच कळतं, आणि डोळे सगळा वेळ सुईच्या टोकावर.

एक बोर्ड सांगतो, वायएम २१५१ आणि ओकेआय ६२९५ (रेकॉर्ड केलेले सॅम्पल वाजवणारी चिप) असलेला, आवाज अजिबात नाही. पॉटच्या मधल्या पायाला बोट लावलं, स्पीकरमधून घर्रर्र आलं, म्हणजे पॉवर ॲम्प जिवंत. मग प्रोब घेऊन वायएम ३०१२ च्या आउटपुटला लावला, गेमचं म्युझिक स्वच्छ वाजत होतं! म्हणजे झेड ८०, रॉम, लॅच, सगळी डिजिटल बाजू एका टोक टेकवण्यात निकालात निघाली. ऑप-ॲम्पच्या आउटपुटला, वाजतंय, उलट मोठ्याने. त्याच्या पुढच्या कपलिंग कॅपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला लावला तर काहीच नाही. जवळून बघितलं तर त्या पायाभोवतीचं सोल्डर काळपट पडलेलं आणि पॅडपासून निघणारा ट्रॅक हिरवा होऊन तुटलेला, कॅपॅसिटर गळला होता. कॅपॅसिटर बदलला, ट्रॅकवर बारीक वायर टाकली, आवाज आला. स्कोपने पण हे सापडलं असतं, पण माझ्या अनुभवात असल्या कामात कान बराच पुढे असतो.

एवाय ३-८९१० या साऊंड चिपवाले बोर्ड असतील तर प्रोब आणखी उपयोगी, कारण त्या चिपमधून थेट ॲनालॉग निघतो आणि तीन चॅनेलचे तीन वेगळे पाय असतात, कुठला मुका आहे ते ऐकून कळतं. त्याहून जुन्या बोर्डांवर, म्हणजे १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्ससारख्या, जवळजवळ प्रत्येक आवाजाचं स्वतःचं ॲनालॉग सर्किट आहे (उडत्या तबकडीचा आवाज तेवढा एसएन ७६४७७ ही चिप काढते), तिथे एकेका आवाजामागे सुई घेऊन चालत जाता येतं.

"म्युझिक येतंय पण व्हॉइस नाही" या तक्रारीत पण मी आधी प्रोबच उचलतो, थेट ओकेआयच्या आउटपुटला. तिथे गप्प असेल तर सॅम्पलची रॉम, ओकेआयचा क्लॉक किंवा चिप स्वतः, आणि मग लॉजिक प्रोब.

तर तुम्हाला ग्राफिक्सचे फॉल्ट पण काढायचे असतील, कॅरेक्टर तुटलेले, स्प्राइटवर रेघा वगैरे, तर स्कोप आज ना उद्या लागेलच, तो घेतलात तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न फक्त आवाजाचा असेल तर माझं मत असं की आधी ऑडिओ प्रोब बनवा, सोबत एक लॉजिक प्रोब ठेवा, आणि या दोघांनी हात टेकले तर स्कोपचं बघा. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असेल आणि तुम्हाला स्कोपच बरा वाटेल, ते पण चालेल.

प्रोब बनवलात तर दोन गोष्टी. ग्राउंडची क्लिप स्पीकरच्या मायनसला लावू नका, बोर्डच्या ग्राउंडलाच लावा, कारण ब्रिज ॲम्प असलेल्या बोर्डांवर स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो आणि मायनस ग्राउंड केला तर ॲम्प जाऊ शकतो. आणि पॉटच्या पुढे सरकताना प्रोबचा व्हॉल्यूम आधी खाली आणा, पॉवर ॲम्पच्या आउटपुटवरचा सिग्नल त्या छोट्या ॲम्पसाठी फारच मोठा असतो.